मिठाची वाटी आणि गंजलेला नांगर : वेंगुर्ल्याजवळच्या एका घरातली स्क्रॅपबुकची खोली

डाग पहिल्यांदा दिसला तो फोटोच्या पांढऱ्या कडेवर. तांदळाच्या दाण्याएवढा, विटकरी. वहिनीला वाटलं हळदीचं बोट लागलं असेल. तिने कोरड्या कापडाने टिपून पाहिलं, डाग हलला नाही. पान उलटं केलं तेव्हा कळलं. कोपऱ्यात बसवलेल्या ब्रॅडचे, म्हणजे कागदातून घालून मागे दोन पाय दुमडायच्या धातूच्या शोभेच्या पिनेचे, दोन्ही पाय मागच्या बाजूने गंजले होते आणि तो गंज कागदातून झिरपत फोटोपर्यंत पोचला होता.

हे जुलै २०२४ मधलं. वेंगुर्ल्याजवळच्या माझ्या माहेरच्या घरात वहिनी ऑर्डरचे स्क्रॅपबुक अल्बम करते, म्हणजे फोटो चिकटवून कागद, रिबिनी, मणी यांनी सजवलेली पानं. बारसं, डोहाळजेवण, लग्न, पहिला वाढदिवस. हा अल्बम वाढदिवसाचाच होता. मंडळी मुंबईची, चतुर्थीला गावी येणार आणि तेव्हा अल्बम घेऊन जाणार. शेवटच्या पानावर बाळाच्या पणजीचा फोटो लावायचा होता. जुना, कृष्णधवल, त्यांच्या घरात त्याची दुसरी प्रत नव्हती. डाग पडला तो त्याच फोटोवर.

मी कणकवलीला असते, गेली पंधरा वर्षं कागदकाम करते आणि आजूबाजूच्या बायकांना शिकवते. वहिनीचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माहेरी पोचले. पुढचं वर्षभर आम्ही दोघींनी आणि आईने मिळून त्या खोलीचं जे केलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. किनाऱ्यावर राहून हे काम करणाऱ्या प्रत्येकीपुढे हा प्रश्न आहे, आणि त्याबद्दल जे सल्ले वाचायला मिळतात ते आपल्या हवेसाठी दिलेलेच नसतात.

खोली होती तशी

घर चिऱ्याचं, वर कौलं. वहिनीने २०२० च्या टाळेबंदीत हे काम सुरू केलं तेव्हा जागा निवडली पश्चिमेची पडवी. तिथे उजेड सुरेख येतो आणि समोरच्या पोफळींतून समुद्राचा वारा सरळ आत येतो. भिंतीवर भोकांचा बोर्ड, त्यावर कात्र्या, पंच आणि कटिंगच्या डाय, म्हणजे कागदाचे आकार कापायचे साचे. आडव्या दांडीवर रिबिनींची रिळं, रंगांच्या क्रमाने. टेबलाखाली खोकी, प्रत्येकावर चिठ्ठी : बारसं, लग्न, शाळा, गणपती, समुद्र. म्हणजे सामान विषयाप्रमाणे लावलेलं. 'समुद्र'च्या खोक्यात निळे कागद, काथ्याची दोरी, जहाजाच्या नांगराच्या आणि माशांच्या आकाराचे धातूचे चार्म (छोटी लटकनं), ब्रॅड आणि सागरतीर्थच्या किनाऱ्यावर वेचलेल्या शिंपल्यांची पिशवी.

खोली देखणी होती. मी स्वतः तिच्या पाठीवर शाबासकी दिली होती.

आज आपण ज्याला स्क्रॅपबुकिंग म्हणतो त्याची लाट अमेरिकेतल्या यूटा राज्यातून आली. मॅरिलेन क्रिस्टेन्सन आणि त्यांच्या यजमानांनी १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका परिषदेत आपल्या कुटुंबाचे अल्बम मांडले आणि १९८१ मध्ये स्पॅनिश फोर्क या गावी या सामानाचं दुकान काढलं. यूटा हा कोरडा, वाळवंटी मुलूख. तिथे रिबिनी दांडीवर वर्षभर लटकवा, कागद उघड्या मांडणीवर ठेवा, काही होत नाही. तिथली मांडणी आपण जशीच्या तशी उचलली. बारा इंची पानाचं मापही तिकडचंच आणि ते कुठेही चालतं. पण उघडी मांडणी जुलैतल्या वेंगुर्ल्यात चालत नाही. हे मला पंधरा वर्षं काम करून त्या दिवशी नीट उमगलं, आणि त्याची मला खंत आहे.

शिंपला जिभेला लावून

पहिल्या दिवशी आम्ही सगळं सामान माजघरात आणून पसरलं. बाहेर झडीचा पाऊस, त्यामुळे अंगणात काही नेण्याचा प्रश्नच नव्हता. नुकसान सगळीकडे सारखं नव्हतं. रिबिनींपैकी सुती आणि सॅटिनच्या काही रिळांवर करडे ठिपके, म्हणजे बुरशी. फोम टेप कडांनी पाझरली होती आणि तिला धूळ चिकटली होती. क्राफ्ट कागदाला ओलसर वास. दोन थरांची पानं वळली होती, कारण वरचा आणि खालचा कागद दमट हवेत सारखे फुगत नाहीत. काही स्टिकरच्या पाठीला कसर लागली होती. खळ आणि डिंक हे कसरीचं आवडतं खाणं.

पण धातूच्या सामानात एक गोष्ट विचित्र होती. 'लग्न'च्या खोक्यातले ब्रॅड थोडे काळवंडले होते, इतकंच. 'समुद्र'च्या खोक्यातले मात्र पार गंजले होते. एक नांगर तर हातात धरला तेव्हा त्याचा भुगा बोटांना लागला. दोन्ही खोक्यांतलं सामान एकाच दुकानातून, एकाच वेळी आणलेलं. दोन्ही खोकी एकाच टेबलाखाली. पणजींच्या फोटोचा ब्रॅडही 'समुद्र'मधलाच होता, सोनेरी रंग जुळला म्हणून वहिनीने तिथून उचललेला.

आम्ही दोघी दुकानदाराला दोष देत बसलो होतो. आई पापड लाटायच्या पाटावर बसून पाहत होती. तिने पिशवीतला एक शिंपला उचलला आणि जिभेला लावला.

"ह्यां खारट आसा गो," ती म्हणाली. "मिठाच्या डब्यात लोखांड ठेवल्यार काय होतला?"

तेच झालं होतं. शिंपले वेचून आणल्यावर नुसते झटकून ठेवले होते, गोड्या पाण्यात धुतले नव्हते. त्यांच्या खाचांत समुद्राचं मीठ तसंच राहिलं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, पाझरतं, आणि खाऱ्या ओलीत लोखंड साध्या ओलीपेक्षा कितीतरी वेगाने गंजतं. काथ्याची दोरी त्या ओलीला धरून ठेवत होती. म्हणजे विषयाप्रमाणे लावलेल्या त्या एका खोक्यात आम्ही मीठ, ओल धरणारा काथ्या आणि लोखंड शेजारीशेजारी ठेवले होते. खोकं नीटनेटकं होतं, चिठ्ठी सुवाच्य होती, आणि नुकसानीचं कारण तीच मांडणी होती.

ब्रॅडबद्दल एक गोष्ट जवळून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. बहुतेक स्वस्त ब्रॅड लोखंडाच्या पातळ पत्र्याचे असतात, वर मुलामा. डोकं चकचकीत राहतं. पण पायांच्या टोकांना पत्रा कापलेला असतो आणि पाय दुमडताना मुलामा तडकतो. गंज तिथून सुरू होतो, म्हणजे पानाच्या मागून, जिथे आपलं लक्ष जात नाही. फ्रिजवर लावायचं लोहचुंबक घेऊन आम्ही सगळा धातू तपासला. चिकटलं ते लोखंड. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम चिकटत नाहीत. पितळ कळकतं, हिरवं होतं, पण लोखंडासारखं गंजत नाही. शंभरेक ब्रॅडपैकी न चिकटणारे निघाले अकरा.

गिऱ्हाइकाला सांगणं

हे आधी करायला हवं होतं, पण एक दिवस आम्ही घाबरून थांबलो. मग वहिनीने त्या बाईंना फोन केला आणि झालं ते सगळं सांगितलं. डाग काढायचा प्रयत्न आम्ही केला नाही. फोटोच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो, ओलीत तो फुगून मऊ होतो. चोळलं असतं तर डागाबरोबर चित्रही गेलं असतं. लिंबू, मीठ, टूथपेस्ट हे गंजाचे घरगुती उपाय भांड्यांना ठीक आहेत. फोटोला त्यातलं काहीही लावू नये, हे मी फार कळकळीने सांगते.

फोटो उच्च रिझोल्यूशनवर स्कॅन करून घेतला, त्या प्रतीवरचा डाग संगणकावर काढला, छपाई फोटो लॅबमध्ये करवली आणि अल्बममध्ये ती प्रत लावली. मूळ फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून परत केला. बाई रागावल्या, आणि त्यांचा राग रास्त होता. तेव्हापासून त्या घरात नियम आहे : मूळ फोटो पानावर लागत नाही. आला की प्रत काढायची आणि मूळ फोटो त्याच आठवड्यात परत.

पापडाची बेगमी आणि कागदाची

पुढची मांडणी कशी करायची यावर आम्ही बरंच बोललो. मी आधी महागड्या यंत्राचा विचार करत होते, हवेतली ओल काढणाऱ्या. पण पावसाळ्यात वीज दिवस दिवस जाते तिथे त्याच्यावर विसंबून काय उपयोग? आणि कौलारू घर बंद करून बंद होत नाही.

उत्तर स्वयंपाकघरातच होतं. आई दर मे महिन्यात पापड, कुरडया, आमसुलं, मिरच्या, सुकी मासळी यांची बेगमी करते. कडक उन्हात वाळवायचं, ऊन तापलेलं असतानाच डब्यात भरायचं, झाकण घट्ट, आणि पाऊस लागला की डबा गरजेपुरताच उघडायचा. प्रत्येक वस्तूची जागा तिच्या स्वभावाप्रमाणे. सुकी मासळी कधी आमसुलांशेजारी नसते. हे शहाणपण त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि आम्ही ते दोन भिंतींपलीकडच्या पडवीत वापरलं नव्हतं.

मग सगळ्या सामानाला एकच प्रश्न विचारला : ओलीत तुझं काय होतं?

काहींचं काहीच होत नाही. प्लॅस्टिकची बटणं, अ‍ॅक्रिलिकचे खडे, काचेचे मणी, हाफ कट मोती, इनॅमल डॉट, टिकल्या. हे सगळं काचेच्या बरण्यांत भरून पडवीतल्याच मांडणीवर राहिलं, रंगांच्या क्रमाने. वहिनीला डोळ्यांसमोर रंग हवे असतात, त्याशिवाय तिला सुचत नाही, आणि ते मला पूर्ण पटतं. देखणेपण ठेवायचं ते या सामानाने.

धातू, चिकट वस्तू आणि कागद बंद डब्यांत गेले. तिघांचे डबे वेगळे. रबरी कडेच्या झाकणांचे, पॉलिप्रॉपिलीनचे. डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी : पाच लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम. नारंगी दाण्यांची घेतली, ओल पिऊन ते हिरवट होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराईड असतं, ते घातक, आणि घरात माझा पाच वर्षांचा भाचा आहे. दाणे हिरवे झाले की वेगळ्या ठेवलेल्या जुन्या कढईत मंद आचेवर हलवत राहायचं, नारंगी रंग परत आला की उतरवायचं. दाण्यांऐवजी तांदूळ घालतात असं बरेच जण सांगतात. तांदूळ फार थोडी ओल पितो आणि वर किडे आणतो. डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ पडतं. थर्मोकोलची फुलं असलेल्या डब्यात वहिनीने आधी गोळ्या ठेवल्या होत्या, ती फुलं लिबलिबीत झाली होती.

शिंपले तीन दिवस गोड्या पाण्यात भिजले, पाणी रोज बदललं. चौथ्या दिवशी आईने पुन्हा जिभेला लावून पाहिले आणि मान हलवली. आता ते काचेच्या बरणीत एकटे असतात. लाकडी खणात ठेवू नयेत, लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिंपल्यांवर पांढरी भुकटी धरते. बकुळीच्या वाळक्या फुलांचीही स्वतंत्र बरणी केली. बारशाच्या पानावर वहिनी दोन-तीन बकुळी लावते, वर्षभराने अल्बम उघडला तरी वास येतो.

मग जागा. पडवीची भिंत नैर्ऋत्येचा पाऊस अंगावर घेते आणि चिरा पाणी पितो. साठवण तिथून उचलून स्वयंपाकघराला लागून असलेल्या आतल्या खोलीत नेली. मधल्या भिंतीपलीकडे चूल आहे, पाणी तापवायला ती रोज दोन वेळा पेटते. कपाट भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवलं. टेबल मात्र पडवीतच, कारण उजेड तिथेच आहे. सकाळी त्या दिवसाच्या पानांपुरतं सामान एका पितळी तबकात काढायचं, पडवीत न्यायचं, दिवेलागणीला परत आत. पहिले पंधरा दिवस वहिनीला हा जाच वाटला. आता ती म्हणते, "ताई, तबकात जेवढं मावतं तेवढंच पानावर लागतं. पानं मोकळी दिसायला लागली."

मिठाची वाटी

ओल मोजायला तीन छोटे डिजिटल मापक आणले. स्वस्तातले, म्हणून आधी तपासले. साध्या बारीक मिठात थोडं पाणी घालून ओलसर रबडी करायची, ती छोट्या वाटीत घेऊन मापकासह झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवायची. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. एकाने ७४ दाखवले, एकाने ७६, तिसऱ्याने ६८. तिसऱ्यावर सात मिळवायचे अशी चिठ्ठी लावली.

ऑगस्टमधल्या एका दुपारी पडवीत ९१ टक्के होते, आतल्या खोलीत ७८, बंद डब्यात ४६. कागदावर बुरशी साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या पुढे धरते. म्हणजे आतली खोलीही उघड्या कागदासाठी पुरेशी नव्हती, डबा लागणारच होता.

आईला आकड्यांची गरज पडली नाही. तिने टेबलावर शिरोड्याच्या जाड्या मिठाची एक वाटी आणून ठेवली. "मीठ पाझरला की पापडाचो डबो आमी उघडणंव नाय," ती वहिनीला म्हणाली, "तू कागद कित्याक उघडतंस?" ते मीठ तर मापकाच्याही आधी सावध करतं. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या पुढे पाझरतं, पण मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याच्या बरंच आधी पाणी धरतात. ज्या शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये सत्याग्रह झाला तिथल्या मिठाची परंपरा आमच्या घरात अजून आहे, आणि त्या वाटीकडे बघून वहिनी दिवसाचं काम ठरवू लागली. मीठ ओलं : मणी, बटणं, आराखडे, कापकाम. मीठ कोरडं : चिकटवणं, थर लावणं, पानं दाबाखाली ठेवणं.

२०२५ चा पाऊस

ऑक्टोबरच्या उन्हात रिबिनी वाळवून झाल्या, बुरशीची रिळं टाकून दिली. पण खरी बेगमी मेमध्ये करायची होती. कागद स्वतःच ओल धरतो. कोरडा असताना बंद केला तर तोच डब्याला कोरडं ठेवायला मदत करतो, दमट असताना बंद केला तर ओल डब्यात कोंडली जाते. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऊन सर्वांत कडक असताना, सगळे डबे भरायचे ठरवलं होतं.

तो आठवडा आम्हाला मिळालाच नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मोसमी पाऊस २५ मे २०२५ लाच कोकणात उतरला आणि त्याच्या चार-पाच दिवस आधीपासून वळवाने झोडपायला सुरुवात केली होती. तोवर धातूचे आणि चिकट सामानाचे डबे भरून झाले होते. बारा इंची कागदांचे गठ्ठे आणि रिबिनी बाहेरच होत्या. आईचेही कुरडयांचे दोन घाणे त्या वर्षी वाया गेले.

कागद मग लोखंडी कपाटात ठेवला आणि तळाला पंधरा वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला, वर भोकं पाडलेला पत्र्याचा डबा पालथा घालून. एलईडी इथे चालत नाही, कारण आपल्याला हवी असते ऊब. हवा थोडी तापली की तिची आर्द्रता उतरते. बल्बपासून कागद हातभर दूर, वायर नवी, आणि घरात कोणी नसेल तेव्हा बल्ब बंद. वीज असेल त्या दिवशी कपाटात ६० ते ६४ टक्के राहिले. वीज गेली की सहा-सात तासांत पुन्हा ७५ च्या वर. दोन गठ्ठ्यांच्या कडा किंचित लहरल्या, पण बुरशी धरली नाही.

रिबिनींचं मात्र जमलं नाही. सुती लेसची नऊ रिळं या वर्षीही गेली. सॅटिन आणि ऑर्गन्झा तरली. सुती लेस पावसाळ्यात साठवायचीच नाही, लागेल तशी कुडाळहून मीटरवर आणायची, असं सध्या चाललं आहे. मला हे समाधानकारक उत्तर वाटत नाही, पण दुसरं सापडलेलं नाही.

धातूच्या डब्यातला एकही ब्रॅड गंजला नाही. चतुर्थी २७ ऑगस्टला होती, त्याच्या आत चार अल्बम गेले. त्यांतला एक त्याच बाईंचा, दुसऱ्या लेकीच्या बारशाचा. या वेळी त्यांनी पणजींचा फोटो आणला नाही, आम्ही गेल्या वर्षीच्या स्कॅनवरून प्रत काढली. तिच्या चारही कोपऱ्यांना कागदाच्या त्रिकोणी खोबणी आहेत, धातू कुठेच नाही.

१४ ऑक्टोबरला सकाळी वहिनीचा फोन आला. वाटीतलं मीठ वरून खडखडीत वाळलं होतं, चमच्याने टोचलं तर वडी सुटून आली. तिने कपाटातला बल्ब काढला आणि कागदाचे गठ्ठे अंगणात, माडाच्या सावलीत नेऊन एकेक पान सुटं केलं. पानं पलटायला आई बसली होती.